फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव: फरोख बुलसारा; ५ सप्टेंबर, १९४६:झांझिबार - २४ नोव्हेंबर, १९९१:लंडन) हे ब्रिटिश रॉक गायक, गीतकार, संगीतकार आणि पियानोवादक होते. 'क्वीन' या रॉक बँडचे प्रमुख गायक म्हणून ते जगभर प्रसिद्ध झाले. जन्माने पारशी असलेल्या मर्क्युरी यांचे बहुतेक शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाले.

लाखभर श्रोत्यांना एका हाताच्या इशाऱ्यावर गायला लावणारा हा गायक खासगी आयुष्यात संकोची, मृदू आणि अनोळखी माणसांसमोर अवघडणारा होता. त्यांनी मुलाखती फार थोड्या दिल्या. आपले मूळ नाव, आपले बालपण, आपले प्रेमसंबंध आणि अखेरीस आपले आजारपण यांविषयी त्यांनी जवळजवळ आयुष्यभर मौन पाळले. या मौनाचा अर्थ प्रत्येक चरित्रकाराने आपापल्या परीने लावलेला आहे.

जन्म आणि घराणे

फरोख यांचा जन्म पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर, स्टोन टाऊन या गावी झाला. त्या वेळी झांझिबार हे ब्रिटिश संरक्षणाखालील संस्थान होते. वडील बोमी बुलसारा हे सरकारी नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर. धाकट्या बहिणीचे नाव कश्मिरा. हे कुटुंब मूळचे गुजरातेतील. आपल्याकडे गावावरून 'कर' लावून आडनाव होते, त्याच पद्धतीने बुलसर, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून बुलसारा हे आडनाव आले. घरी झरथुष्ट्री धर्माचे आचार पाळले जात आणि परंपरेप्रमाणे फरोख यांचा नवजोत विधीही झाला होता.

पाचगणीतील वर्षे

वयाच्या साधारण आठव्या वर्षी फरोख यांना शिक्षणासाठी समुद्रमार्गे भारतात पाठविण्यात आले. सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे थंड हवेचे ठिकाण इंग्रजी अमदानीपासून निवासी शाळांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील सेंट पीटर्स स्कूल या मुलांच्या शाळेत त्यांचे नाव घालण्यात आले. आईवडील समुद्रापलीकडे, त्यामुळे प्रत्येक सुट्टीत घरी जाणे शक्य नसे. अशा सुट्ट्या ते मुंबईत नातेवाइकांकडे घालवीत. आठ वर्षांचे मूल घरापासून इतक्या दूर वसतिगृहात राहू लागले म्हणजे त्याला दोन गोष्टी लवकर शिकाव्या लागतात, स्वतःचे स्वतः पाहणे आणि डोळ्यांतले पाणी इतरांना दिसू न देणे. मर्क्युरी यांच्या पुढील आयुष्यातील अलिप्तपणाची मुळे काही चरित्रकार येथे शोधतात आणि ते अवास्तव वाटत नाही.

'फ्रेडी' हे नाव याच शाळेत मित्रांनी आणि शिक्षकांनी रूढ केले. वरच्या जबड्यात चार दात अधिक असल्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले होते आणि त्यावरून मुले त्यांना चिडवीत. बोलताना किंवा हसताना तोंडावर हात नेण्याची त्यांची सवय शेवटपर्यंत टिकली. पुढे हाती भरपूर पैसा आला, तरी त्यांनी दातांवर उपचार करून घेतले नाहीत. तसे केल्यास आवाजाचा पोत बदलेल अशी त्यांना भीती वाटे.

शाळेत ते चित्रकलेत आणि टेबल टेनिसमध्ये चमकले, काही काळ मुष्टियुद्धही खेळले. मुख्याध्यापकांनी त्यांचा संगीताकडील ओढा ओळखून स्वतंत्र पियानो शिक्षणाची शिफारस केली आणि फरोख यांनी पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. १९५८ मध्ये पाच विद्यार्थ्यांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड अशा त्या काळच्या लोकप्रिय गायकांची गाणी हा बँड शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत असे. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल फरोख लगेच पियानोवर काढून दाखवीत. गंमत अशी की या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. पुढे ज्यांचा आवाज जगाने डोक्यावर घेतला, ते फरोख मागे पियानोवर बसत. लहानपणी त्यांच्यावर लता मंगेशकर यांच्या गाण्याचा प्रभाव पडल्याचा उल्लेख काही ठिकाणी आढळतो. मात्र त्यांच्या रचनांत तो दाखवून देणे कठीण आहे.

१९६३ च्या सुमारास ते झांझिबारला परतले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे क्रांती होऊन सुलतानाची सत्ता उलथली आणि मोठा रक्तपात झाला. जिवाच्या भीतीने बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेले.

इंग्लंडमधील सुरुवात

हे कुटुंब लंडनच्या पश्चिमेस, विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात एका लहान घरात राहू लागले. झांझिबारमधील सुस्थिती मागे राहिली होती. फ्रेडी यांनी आयलवर्थ येथे कलेचे प्राथमिक शिक्षण घेऊन नंतर ईलिंगच्या कला महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९६९ मध्ये ग्राफिक कला व संकल्पन या विषयाची पदविका मिळविली. या शिक्षणाचा उपयोग पुढे झाला. सिंह, खेकडा व पऱ्या या बँडच्या चार सदस्यांच्या राशींच्या खुणा आणि त्यांच्यावर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी, असे 'क्वीन'चे मानचिन्ह त्यांनी स्वतः रेखाटले. त्या काळात त्यांनी हीथ्रो विमानतळावर सामान चढविण्या-उतरविण्याचे काम केले आणि केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलर यांच्यासह जुन्या कपड्यांचा गाळाही चालविला.

'आयबेक्स' आणि 'सावर मिल्क सी' या बँडमधून त्यांनी काही महिने गायन केले, पण दोन्ही फार काळ टिकले नाहीत. ईलिंगमधील त्यांचा सहाध्यायी टिम स्टॅफेल हा 'स्माइल' या बँडचा गायक होता. ब्रायन मे (गिटार) आणि रॉजर टेलर (ड्रम) हे त्याचे सहकारी. १९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडला आणि त्याच्या जागी फ्रेडी आले. बँडला 'क्वीन' हे नाव त्यांनीच सुचविले आणि त्याच सुमारास स्वतःसाठी मर्क्युरी हे आडनाव घेतले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन सामील झाले. या चौघांचा संच मर्क्युरी यांच्या मृत्यूपर्यंत बदलला नाही. रॉक संगीताच्या क्षेत्रात हे दुर्मिळच म्हणावे लागेल.

क्वीन

पहिला संग्रह १९७३ मध्ये आला, पण फारसा चालला नाही. १९७४ मधील 'किलर क्वीन' हे मर्क्युरी यांचे गीत ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि बँडचे नाव झाले. तरीही व्यवस्थापन कंपनीशी केलेल्या करारामुळे चौघांच्या हाती पैसा जवळजवळ येत नव्हता. हा करार मोडून ते बाहेर पडले तेव्हा पुढचा संग्रह यशस्वी होणे अत्यावश्यक होते. तो संग्रह म्हणजे 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' (१९७५).

यातील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ही मर्क्युरी यांची सर्वांत गाजलेली रचना. सुमारे सहा मिनिटांच्या या गाण्यात ध्रुवपद नाही. पियानोवरील संथ गायनाने ते सुरू होते, मध्येच ऑपेराच्या समूहगायनात शिरते, तेथून कर्कश रॉकमध्ये उसळते आणि पुन्हा शांत होऊन संपते. समूहगायनाचा भाग मे, टेलर आणि मर्क्युरी या तिघांनीच पुन्हा पुन्हा गाऊन एकावर एक ध्वनिमुद्रित केला. अशा सुमारे १८० थरांनी चुंबकीय फीत इतकी झिजली की उजेडाला धरल्यावर आरपार दिसू लागली. मर्क्युरी स्वरलिपीच्या वाचनात फारसे तयार नव्हते. संपूर्ण आराखडा त्यांच्या डोक्यात होता आणि सहकाऱ्यांना तो तुकड्या-तुकड्यांनी समजत गेला. गाण्याचे हस्तलिखित एका विमान कंपनीच्या छापील कागदांवर आहे. त्यावर आधी 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असे लिहून पहिला शब्द खोडलेला दिसतो.

इतके लांब गाणे रेडिओवर कोणी वाजविणार नाही, असे कंपनीतील जाणकारांचे मत होते. मर्क्युरी यांचे मित्र आणि निवेदक केनी एव्हरेट यांनी ते आठवड्याच्या अखेरीस दोन दिवसांत १४ वेळा वाजविले आणि मागणीचा पूर लोटला. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

यानंतरची दहा वर्षे भरभराटीची होती. 'समबडी टू लव्ह', 'वी आर द चॅम्पियन्स', 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' ही त्यांचीच गीते. १९८१ मधील 'ग्रेटेस्ट हिट्स' या संकलनातील १७ पैकी १० गाणी मर्क्युरी यांची आहेत. एकाच साच्यात बसणारे संगीतकार ते नव्हते. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' हे साधे, जुन्या धाटणीचे गाणे त्यांना म्युनिकच्या हॉटेलात अंघोळ करताना सुचले. गिटारचे मोजकेच स्वरसमूह येत असल्यामुळे ते साधे राहिले, हे त्यांनीच मान्य केले होते. १९७९ मध्ये लंडनमध्ये रॉयल बॅलेच्या मदतनिधी कार्यक्रमात ते नर्तकांच्या खांद्यांवरून गायले.

सर्व काही यशस्वी झाले असे नाही. १९८२ मधील 'हॉट स्पेस' हा नृत्यसंगीताकडे झुकलेला संग्रह अनेक चाहत्यांना रुचला नाही. १९८४ मध्ये चौघांनी स्त्रीवेषात केलेली एक विनोदी चित्रफीत अमेरिकेत नापसंत ठरली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे केलेले कार्यक्रम हा मात्र गंभीर प्रमाद होता. वर्णद्वेषी राजवटीवर कलावंतांनी बहिष्कार घातलेला असताना 'क्वीन' तेथे गेले. ब्रिटनमधील वादक संघटनेने त्यांना दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव गेले. आम्ही राजकारणी नाही, श्रोत्यांसाठी गातो, अशी बँडची बाजू होती. ती फारशा लोकांना पटली नाही. आफ्रिकेत जन्मलेल्या आणि आशियाई वंशाच्या गायकाकडून हे घडावे, ही गोष्ट आज अधिकच खटकते.

रंगमंचावरील मर्क्युरी

बँडची प्रतिमा सावरली ती १३ जुलै, १९८५ रोजी. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झालेल्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात प्रत्येक बँडला सुमारे वीस मिनिटे मिळाली होती. 'क्वीन'ने यासाठी घड्याळ लावून तालीम केली होती. पांढरा बनियन आणि फिकट जीन्स घातलेले मर्क्युरी पियानोवर बसले आणि पुढची एकवीस मिनिटे स्टेडियममधील ७२,००० माणसे त्यांच्या ताब्यात होती. मधल्या वेळात त्यांनी निव्वळ आलाप घेऊन श्रोत्यांकडून तसाच म्हणून घेतला. आपल्याकडे कीर्तनकार टाळकऱ्यांकडून आणि पुढे सगळ्या मंडपाकडून ओळ म्हणवून घेतो, त्याची आठवण व्हावी असा हा प्रसंग आहे. रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वोत्तम सादरीकरणांत त्याची गणना होते.

श्रोत्यांना गाण्यात सामील करून घेण्याची ही विद्या त्यांनी वर्षानुवर्षे घोटली होती. १९८१ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे एका रात्री १,३१,००० लोक जमले होते. पोर्तुगीज भाषक श्रोत्यांनी 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे इंग्रजी गाणे पाठ म्हटले आणि मर्क्युरी ऐकत राहिले. जुलै १९८६ मध्ये बुडापेस्ट येथे त्यांनी हंगेरियन लोकगीत गायले. शब्द तळहातावर लिहून घेतले होते आणि ते वाचताना लपविण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. हातातील अर्धवट माइकदांडी ही त्यांची ओळख बनली. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात दांडी मोडली आणि त्यांनी ती तशीच वापरली, असे सांगितले जाते.

त्यांच्या आवाजाचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. २०१६ मध्ये युरोपीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार, उंच पट्टीत गाणाऱ्या मर्क्युरी यांचा बोलण्याचा आवाज मध्यम पट्टीचा होता आणि त्यांच्या स्वरातील कंप इतर गायकांपेक्षा जलद व अनियमित होता.

९ ऑगस्ट, १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे 'क्वीन'सोबत त्यांनी दिलेला कार्यक्रम अखेरचा ठरला. स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासह त्यांनी 'बार्सिलोना' (१९८८) हा संग्रह केला. त्यांच्या गाण्याचे ते भक्त होते आणि पहिल्या भेटीच्या वेळी कमालीचे धास्तावले होते.

स्वभाव आणि खासगी आयुष्य

दिव्यांच्या झोतातून बाहेर पडल्यावर मर्क्युरी यांचा आवाज खाली येई. अनोळखी लोकांत ते एखाद्या ओळखीच्या माणसाच्या आडोशाला उभे राहत. घरातील माणसांचे वाढदिवस, नाताळच्या भेटवस्तू, फुले यांत त्यांचे मन रमे. जपानी काष्ठमुद्राचित्रे आणि चिनीमातीची भांडी यांचा त्यांनी जाणकारीने संग्रह केला. मांजरांवर त्यांचा विलक्षण जीव होता. दौऱ्यावर असताना ते घरी दूरध्वनी करून मांजरांना आपला आवाज ऐकवीत. 'मिस्टर बॅड गाय' (१९८५) हा आपला स्वतंत्र संग्रह त्यांनी मांजरांना आणि मांजरप्रेमींना अर्पण केला आणि आजारपणाच्या काळात डिलायला या मांजरीवर एक गाणेही रचले.

त्यांना संत ठरविण्याचे कारण नाही. ते तापट होते, उधळे होते, त्यांच्या मेजवान्यांचे किस्से प्रसिद्ध आहेत आणि बँडमध्ये श्रेयावरून व मानधनावरून भांडणेही होत. या भांडणांवर उपाय म्हणून 'द मिरॅकल' (१९८९) या संग्रहापासून सर्व गाणी चौघांच्या सामाईक नावावर प्रसिद्ध करण्याचे ठरले. सर्वाधिक यशस्वी गीते ज्यांच्या नावावर होती, त्या मर्क्युरी यांनी हे स्वीकारले, याची नोंद घ्यायला हवी.

मेरी ऑस्टिन यांच्याशी त्यांचे सुमारे सहा वर्षे सहजीवन होते. १९७६ च्या सुमारास त्यांनी आपल्याला पुरुषांविषयी आकर्षण असल्याचे त्यांना सांगितले आणि हे नाते त्या रूपात संपले; मैत्री मात्र अखेरपर्यंत राहिली. १९८५ पासून जिम हटन हे त्यांचे जोडीदार होते. हटन व्यवसायाने केशकर्तनकार होते. इंग्लंडमध्ये प्रौढ पुरुषांमधील समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते आणि कायदा बदलला तरी समाजाची नजर बदललेली नव्हती. त्यात घर धर्मनिष्ठ पारशी. मर्क्युरी आईवडिलांना नेमाने भेटायला जात, आईच्या हातचे जेवत आणि या विषयावर तेथे बोलणे होत नसे.

आजारपण आणि मृत्यू

१९८७ मध्ये त्यांना एड्स झाल्याचे निदान झाले. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते. मोजकी जवळची माणसे सोडता त्यांनी ही गोष्ट कोणाला कळू दिली नाही. बँडमधील सहकाऱ्यांनाही त्यांनी ती पुढे सांगितली. वार्ताहर घराबाहेर ठाण मांडून बसत आणि खंगलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे छापून येत. फेब्रुवारी १९९० मध्ये एका पुरस्कार समारंभात ते सहकाऱ्यांसह मंचावर आले, ते त्यांचे अखेरचे जाहीर दर्शन.

या काळात ते थांबले नाहीत. स्वित्झर्लंडमधील मॉंत्रो येथील स्टुडिओत, उभे राहणेही अवघड असताना, त्यांनी शक्य तितके गाऊन ठेवले. सहकाऱ्यांनी नंतर संगीत भरावे अशी योजना होती. 'इन्युएंडो' फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. उरलेल्या ध्वनिमुद्रणांतून १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' हा संग्रह तयार झाला. मे १९९१ मध्ये त्यांनी अखेरची चित्रफीत केली. तीत कृशता झाकण्यासाठी जाड रंगभूषा आहे आणि मांजरांची चित्रे असलेले जाकीट आहे.

२३ नोव्हेंबर, १९९१ रोजी त्यांच्या वतीने आजाराची जाहीर कबुली देण्यात आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने, केन्सिंग्टनमधील गार्डन लॉज या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ४५ वर्षांचे होते. हे आधी सांगितले असते तर रुग्णांना धीर मिळाला असता, अशी टीका एड्सविषयक काम करणाऱ्या काहींनी केली. टीकेत तथ्य आहे. मात्र रुग्णाला वाळीत टाकण्याचे ते दिवस होते आणि मर्क्युरी यांना आपल्या भोवतीच्या माणसांना त्या झळीपासून दूर ठेवायचे होते, हेही विसरता येत नाही.

अंत्यविधी २७ नोव्हेंबर रोजी झरथुष्ट्री धर्मगुरूंच्या मंत्रपठणात झाला. गार्डन लॉज आणि मिळकतीचा मोठा वाटा मेरी ऑस्टिन यांना मिळाला. आईवडील आणि बहीण यांच्यासह जिम हटन, घरचा स्वयंपाकी आणि खासगी सहायक यांचीही मृत्युपत्रात तरतूद होती. गायक एल्टन जॉन यांना त्या वर्षी नाताळात एका मित्राने उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली भेट आणून दिली. ते हेन्री स्कॉट ट्यूक या त्यांच्या आवडत्या चित्रकाराचे चित्र होते. मर्क्युरी यांनी अंथरुणावरून ते मिळविण्याची व्यवस्था केली होती आणि सोबतच्या चिठ्ठीत दोघांनी एकमेकांना गमतीने ठेवलेली टोपणनावे होती.

मृत्यूनंतर

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा प्रकाशित होऊन १९९१ च्या नाताळात दुसऱ्यांदा पहिल्या क्रमांकावर गेले. मिळालेला निधी एड्स रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आला. २० एप्रिल, १९९२ रोजी वेम्बली येथे झालेल्या स्मृती कार्यक्रमानंतर सहकाऱ्यांनी एड्सविरोधी कार्यासाठी 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' स्थापन केला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्यांचे आणि काबाये यांचे गाणे वाजले. मॉंत्रोमध्ये सरोवराकाठी १९९६ पासून त्यांचा पुतळा उभा आहे. २०१८ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटात रामी मालेक यांनी त्यांची भूमिका केली आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. चित्रपटात घटनांचा क्रम बराच बदललेला असल्याने अभ्यासकांनी त्यावर विसंबू नये.

फेल्टम येथील घरावर २०१६ मध्ये लावलेल्या निळ्या फलकावर फ्रेडी मर्क्युरी या नावाखाली कंसात फ्रेड बुलसारा असे लिहिले आहे. रक्षा कोठे विसर्जित केली वा पुरली, हे त्यांच्या इच्छेनुसार मेरी ऑस्टिन यांनी कोणालाही सांगितलेले नाही. २०१३ मध्ये लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत एका चौथऱ्यावर फरोख बुलसारा या नावाची आणि त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखांची पट्टी आढळली होती. वृत्तपत्रांत गवगवा होताच थोड्याच दिवसांत ती तेथून काढून टाकण्यात आली.